कुपी धरते कशी, सोडते कशी

अंग पुसताना मंद सुवास यावा असा टॉवेल काढायचा, ही कल्पना सोलापुरातल्या टॉवेलवाल्यांना नवी नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, वास किती धुण्यांपर्यंत टिकतो?" प्रश्न रास्त आहे, माल विकणाऱ्याला तो पडणारच. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि सगळं गणित त्याच्यावर बसलेलं आहे. वास बाहेर कधी यायला हवा? टॉवेल कपाटात घडी घालून ठेवलेला असताना, ओला झाल्यावर, की अंगावर घासल्यावर? तिन्ही ठिकाणी तेल तेच असलं तरी त्याभोवतीची भिंत वेगळी लागते. ही भिंत ठरवणं हेच मायक्रोकॅप्सूलच्या रचनेतलं मुख्य काम.

नुसतं सुगंधी तेल कापडावर मारून भागत नाही. लॅव्हेंडरच्या तेलात मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही दोन द्रव्यं असतात. दोन्हींचे रेणू लहान, चटकन उडून जाणारे. कापड स्टेंटरमधून, म्हणजे ते ताणून गरम हवेत सुकवणाऱ्या यंत्रातून, १३०-१४० अंशांवर निघतं तेव्हाच त्यातलं बरंचसं तेल वाफ होऊन जातं आणि उरलेलं गोदामात उडतं. म्हणून तेलाचे बारीक थेंब करायचे आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ पण घट्ट आवरण चढवायचं. ही झाली मायक्रोकॅप्सूल. इथून पुढे आपण तिला कुपीच म्हणू. तिचा आकार साधारण १ मायक्रॉनपासून १००० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून पूर्ण मिलिमीटरपर्यंत असू शकतो. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रॉन. त्या तंतूवर बसून टिकायचं तर कुपी त्याच्याहून लहान, १० मायक्रॉनच्या आतबाहेर हवी.

आपल्या डाळिंबाचा दाणा डोळ्यासमोर आणा. आत रस, बाहेर पातळ पापुद्रा. चिमटीत दाबला की पापुद्रा फुटतो आणि रस एकदम बाहेर येतो. न दाबता ताटलीत उन्हात ठेवला, तर पापुद्रा कुठेही न फाटता दाणा सुकत जातो, कारण पाणी त्या पापुद्र्यातूनच हळूहळू निघून जातं. कुपीतला माल बाहेर पडायचे दोन मोठे रस्ते हेच, एक फुटून आणि दुसरा झिरपून. तिसरा रस्ता म्हणजे भिंतच नाहीशी होणं. ती पाण्यात विरघळते, उष्णतेने वितळते, आम्ल किंवा अल्कलीत ढिली पडते, नाहीतर जंतू तिला खातात.

खरी अडचण अशी की धरून ठेवणं आणि सोडून देणं, ही दोन्ही कामं एकाच भिंतीकडून करून घ्यायची असतात. अजिबात न झिरपणारी भिंत करता येते, पण मग ती फुटेपर्यंत आतला वास कुणाला कळत नाही. सहज फुटणारी भिंतही करता येते, पण ती माल गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधीच फुटते. एका बाजूने ताणलं की दुसरी बाजू उघडी पडते. म्हणून "सगळ्यात चांगली कुपी कोणती" या प्रश्नाला उत्तर नाही. कुपी कुठे उघडायची ते आधी सांगावं लागतं.

फुटण्यासाठीच जन्मलेली

कुपीला व्यापारात पहिलं मोठं यश मिळालं ते कागदावर. अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन आणि लॉवेल श्लायशर यांनी १९५० च्या दशकात कार्बन न घालता नक्कल उठवणारा कागद तयार केला. दुकानाच्या पावतीपुस्तकात आणि ट्रान्सपोर्टच्या बिल्टीत आपण तो कितीदा तरी हाताळलेला आहे. वरच्या कागदाच्या पाठीमागे कुप्यांचा थर असतो आणि कुप्यांत तेलात विरघळवलेलं, दिसायला रंगहीन असं रंगद्रव्य. क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हे त्यातलं गाजलेलं नाव. खालच्या कागदावर आम्लधर्मी मातीचा लेप. बॉलपेनच्या टोकाखाली कुप्या फुटतात, तेल खाली उतरतं आणि मातीशी गाठ पडताच निळं अक्षर उमटतं.

या कागदातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कुपीत नाही, कुपीच्या शेजारी आहे. लेपात कुप्यांपेक्षा थोडे मोठे स्टार्चचे कण मिसळलेले असतात. कागदांचा गठ्ठा एकावर एक रचला की वरचा भार या कणांवर येतो आणि कुप्या त्यांच्या आडोशाला सुखरूप राहतात. पेनचं टोक मात्र इतकं बारीक की ते कणांच्या मधे शिरून कुपीला गाठतं. साठवणीचा दाब आणि वापराचा दाब यांत फरक करायचं काम भिंतीवर न टाकता बाजूच्या कणांवर टाकलं. रचना म्हणजे काय ते इथे समजतं. भिंतीकडून सगळं होत नसेल तर आजूबाजूची मांडणी बदलायची.

भिंत चढते कशी

हा कागद ज्या पद्धतीवर उभा राहिला ती पद्धत कॉलेजच्या प्रयोगशाळेतही करून बघता येते. तिचं नाव कोअॅसर्व्हेशन. १९२९ साली बुंगेनबर्ग द योंग आणि क्रूट या डच शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं. लागतं काय, तर जिलेटिन, गम अरेबिक म्हणजे बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा डिंक, तेल आणि थोडं ॲसिटिक आम्ल.

५० अंशांच्या गरम पाण्यात जिलेटिन विरघळवून त्यात तेल घालायचं आणि यंत्राने घुसळायचं. मिश्रण दुधासारखं पांढरं होतं. कुपीचा आकार इथेच ठरतो. वेग वाढवला की थेंब बारीक, कमी केला की जाड. पुढे काहीही केलं तरी हा आकार फारसा बदलत नाही. मग डिंकाचं द्रावण घालायचं. अजून काही घडत नाही. आता आम्ल थेंब थेंब सोडत द्रावण आंबट करायचं, म्हणजे पीएच खाली आणायचा. तो साडेचार ते चारच्या दरम्यान आला की जिलेटिनच्या रेणूंवर धन प्रभार आलेला असतो, डिंकावर ऋण प्रभार असतोच. दोघं एकमेकांकडे ओढले जातात आणि पाण्यातून वेगळे निघतात. ते घट्ट साका होऊन तळाशी बसत नाहीत, तर दाट, ओघळत्या द्रवाचे छोटे छोटे थेंब बनतात. काचपट्टीवर एक थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हे थेंब तेलाच्या मोठ्या थेंबांना येऊन टेकतात, पसरतात, आणि थोड्या वेळाने तेलाच्या प्रत्येक थेंबाला एक दुहेरी कडा दिसू लागते. ती कडा म्हणजे भिंत.

पण ही भिंत अजून ओली, वाहती आहे. ढवळणं चालू ठेवून तापमान सावकाश १० अंशांखाली आणलं की जिलेटिन जमतं. सोलापुरात ही पायरी सोपी नाही. मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट येतं, आणि जिलेटिन ३०-३५ अंशांच्या वर पातळच राहतं. चिलर किंवा भरपूर बर्फ हाताशी नसेल तर कुप्या एकमेकींना चिकटून गोळा होतात. जमलेली भिंत पक्की करायला शेवटी ग्लुटारअल्डिहाइड घालतात. खाद्यपदार्थांसाठी असेल तर ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम. त्याने जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि गरम पाण्यात परत विरघळत नाहीत.

जिलेटिनची भिंत कोरडी असताना फार चांगली. वास आणि हवा दोन्ही अडवते. ओली झाली की फुगते आणि ढिली पडते. पोटात घ्यायच्या वस्तूला हे चालतं, उलट हवंच असतं. टॉवेलला नाही, कारण टॉवेल रोज भिजतो. शिवाय जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघतं. आपल्याकडच्या कित्येक गिऱ्हाइकांना, विशेषतः देवघरात वापरायच्या कापडाला, ते चालायचं नाही. ही शास्त्राबाहेरची बाब म्हणून बाजूला सारू नये. भिंत निवडताना वापरणाऱ्याचा विचारही त्याच हिशेबात धरायचा असतो.

दुसरा रस्ता तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथेच प्लास्टिकची भिंत बांधायचा. तेलात आयसोसायनेट नावाचं रसायन विरघळवून त्याचे पाण्यात थेंब करायचे, मग पाण्यात त्याच्याशी जुळणारं दुसरं रसायन, अमाइन, सोडायचं. दोघांची गाठ थेंबाच्या पृष्ठभागावरच पडते आणि तिथे पॉलियुरियाचा पापुद्रा तयार होतो. पापुद्रा जाड होत जातो तसा तो दोघांना एकमेकांपासून अडवतो आणि भिंत वाढायची आपोआप थांबते. या कामाला लागणारी इथिलीनडायअमाइनसारखी अमाइनं आपल्याच चिंचोळी एमआयडीसीत तयार होतात, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. कच्चा माल शोधायला फार लांब जायची गरज नाही. मात्र अत्तराला ही पद्धत जपून लावावी लागते. गुलाबाच्या वासातली जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल ही अल्कोहोलं आयसोसायनेटशी क्रिया करतात आणि काही वासांतले अल्डिहाइड अमाइनशी. मग भिंतीबरोबर वासही बदलतो. कुपी उत्तम झाली आणि आत गुलाब राहिला नाही, असं होऊ शकतं.

तिसरी भिंत मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडची. टणक, ठिसूळ, फार घट्ट. कपड्यांच्या सॉफ्टनरमधल्या सुगंधी कुप्या बऱ्याच काळापासून याच भिंतीच्या असतात, कारण ती महिनोन्‌महिने बाटलीत राहूनही झिरपत नाही आणि चोळली की फुटते. तिचं दुखणं फॉर्मल्डिहाइड. कापडातली घातक रसायनं तपासणाऱ्या ओएको-टेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात अंगाला लागणाऱ्या कापडावर त्याची मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम आहे. लहान बाळांच्या कापडावर १६ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे चाचणीत दिसूच नये इतकी. परदेशी खरेदीदार हा रिपोर्ट मागतोच.

लहान कुपी, मोठी कुपी

इथे थोडं गणित करू, कारण बाजारात नमुना घेताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. समजा भिंतीला कुपीच्या एकूण घनफळाचा पाचवा हिस्सा दिला. १० मायक्रॉनच्या कुपीची भिंत मग सुमारे ०.३६ मायक्रॉन जाड येते. २ मायक्रॉनच्या कुपीला तेवढाच हिस्सा दिला तर भिंत फक्त ०.०७ मायक्रॉन.

आता तेल झिरपायला किती वेळ लागेल? मोठ्या कुपीत लहानीच्या १२५ पट तेल आहे. तिचा पृष्ठभाग २५ पट, म्हणजे निसटायला जागा जास्त. पण भिंतही ५ पट जाड, म्हणजे अडथळा जास्त. एकूण झिरपण्याचा वेग ५ पट. तेल १२५ पट आणि वेग ५ पट, म्हणजे रिकामी व्हायला २५ पट वेळ. साहित्य तेच, कृती तीच, प्रमाण तेच; लहान कुपी ४ दिवसांत रिकामी होत असेल तर मोठी १०० दिवस पुरते. व्यास दुप्पट केला तर टिकण्याचा काळ चौपट होतो.

म्हणून पुरवठादार जेव्हा सांगतो की "कुपी ५ मायक्रॉनची आहे", तेव्हा ते सरासरी माप असतं हे लक्षात ठेवायचं. एकाच घाण्यात २ मायक्रॉनच्याही असतात आणि १२ च्याही. संख्येने लहान कुप्या भरपूर, पण त्यांच्यात तेल नगण्य, आणि त्या सगळ्यांच्या आधी रिकाम्या होतात. तेलाचा मोठा वाटा मोजक्या मोठ्या कुप्यांत असतो, आणि घासलं जाताना त्याच आधी दाबाखाली येतात. सरासरीपेक्षा मापांचा पसारा किती आहे हे विचारावं. माझ्या मते पुरवठादाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

कुपीची परीक्षा घ्यायला फार मोठं यंत्र लागत नाही. ०.१ मिलिग्रॅमचा काटा आणि ४० अंशांची ओव्हन पुरे. कोरड्या कुप्या बशीत पसरून ओव्हनमध्ये ठेवायच्या, रोज वजन करायचं, कागदावर रेघ काढायची. पहिल्याच दिवशी वजन धाडकन पडलं आणि मग स्थिरावलं, तर ते भिंतीतून आलेलं तेल नाही. ते कुपीच्या बाहेरच चिकटून राहिलेलं, कधी कोंडलंच न गेलेलं तेल आहे. हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या द्रवाने हलकं धुऊन घेतलं की ते वेगळं मोजता येतं. त्यानंतर रेघ सरळ उतरत राहिली, तर आत शुद्ध तेल आहे, भिंत अखंड आहे आणि झिरपण्याचा वेग कायम आहे. रेघ सुरुवातीला उभी आणि मग आडवी होत गेली, तर बहुधा ती खरी कुपी नाहीच. तेल भिंतीच्या पदार्थात सगळीकडे विखुरलेलं आहे आणि आतल्या तेलाला दिवसेंदिवस लांबचा रस्ता कापावा लागतोय. ताकेरू हिगुची यांनी १९६१ साली या दुसऱ्या प्रकाराचं सूत्र मांडलं. त्यात बाहेर आलेला माल काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट माल बाहेर यायला चौपट वेळ. औषधाच्या कितीतरी गोळ्या आजही याच हिशेबावर बनतात.

वासाच्या बाबतीत वजनाची रेघ पूर्ण गोष्ट सांगत नाही. सुगंधी तेल हे मिश्रण असतं. त्यातले हलके रेणू आधी निसटतात, जड मागे राहतात. पहिल्या आठवड्यात लिंबासारखा ताजा वाटणारा वास महिन्याने जडसर, लाकडासारखा होतो. म्हणून वजनाबरोबर नाकानेही तपासावं, तेही दर आठवड्याला.

आणि तापमान. परदेशी माहितीपत्रकावरचे आकडे बहुधा २५ अंशांवर मोजलेले असतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात दुपारी ४५ अंश होणं काही नवलाचं नाही. २५ वरून ४५ वर गेलं की लिनालूलसारख्या द्रव्याचा बाष्पदाब साधारण तीन ते चार पट होतो. भिंत गरम झाल्याने तिच्यातून रेणू सरकण्याचा वेगही वाढतो, तो वेगळाच. तिथे सहा महिने टिकणारी कुपी इथे दोन महिन्यांत वास गमावून बसली तर त्यात फसवणूक नसते. मोजमाप आपल्या हवेत केलेलं नसतं इतकंच. ओव्हन ४० अंशांवर ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

टॉवेल वेगळा, चादर वेगळी

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि दोन्ही एकाच गावात विणले जातात. कुपीच्या दृष्टीने मात्र ही दोन टोकं.

टॉवेल भिजतो, पिळला जातो, अंगावर घासला जातो, आठवड्यातून अनेकदा डिटर्जंटमध्ये पडतो. त्याला पाण्याने न उघडणारी, घासल्यावर फुटणारी कुपी हवी. म्हणजे टणक आणि ठिसूळ भिंत, जिलेटिन नाही. टेरीच्या लूपांचा इथे मोठा फायदा होतो. लूपाच्या बुडाशी बसलेल्या कुप्यांना वरचे धागे आडोसा देतात, पावतीच्या कागदावर स्टार्चचे कण देतात तसा. मालाचे गठ्ठे बांधताना प्रेसखाली टॉवेल दाबले जातात तेव्हा पृष्ठभागावरच्या कुप्या फुटतात. खोलवरच्या बऱ्याचशा वाचतात आणि पुढे एकेका वापरात थोड्या थोड्या फुटत राहतात. शिअरिंग करून मखमली केलेल्या बाजूला लूप कापलेले असतात, तिथे हा आडोसा कमी.

मग "किती धुणी" या प्रश्नाचं उत्तर? ते भिंतीत कमी आणि बाइंडरमध्ये जास्त आहे. कुपी कापसाला आपणहून चिकटत नाही. पॅडिंगच्या वेळी, म्हणजे कापड द्रावणात बुडवून रुळांत पिळताना, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचं बाइंडर घालून तिला तंतूवर बसवतात आणि स्टेंटरमध्ये पक्कं करतात. बाइंडर वाढवलं की धुणी वाढतात. पण बाइंडर म्हणजे तंतूवर पसरलेला प्लास्टिकचा पापुद्रा. जितका तो जास्त, तितका टॉवेल कडक आणि पाणी टिपायला आळशी. पाणी न टिपणारा सुगंधी टॉवेल कुणालाही नको. माझं स्पष्ट मत आहे की टॉवेलच्या बाबतीत धुण्यांचा आकडा वाढवायच्या मागे लागू नये. टिपण्याची ताकद आधी मोजावी, ती जेवढं बाइंडर सोसेल तेवढंच घालावं, आणि जितकी धुणी मिळतील तितकीच डब्यावर छापावी.

चादरीचं उलट. ती कोरडी असते, क्वचित धुतली जाते, तिच्यावर माणूस सात-आठ तास झोपतो. तिला हळू झिरपणारी कुपी शोभते. अंगाच्या उबेने वेग थोडा वाढला तर चांगलंच. बाइंडरने थोडी जाड झालेली चादर कुणाला खुपत नाही.

चादरीच्या बाबतीत आणखी एक कुपी सुचवली जाते, कधीच न उघडणारी. तिच्यात सुगंध नसतो, मेणासारखं ऑक्टाडेकेन असतं. ते २८ अंशांना वितळतं आणि वितळताना दर ग्रॅममागे सुमारे २४० ज्यूल उष्णता पिऊन घेतं. गार झालं की गोठतं आणि ती उष्णता परत देतं. असं द्रव्य कुपीत बंद करून कापडावर लावलं की अंगाला गारवा लागतो. इथे भिंतीची सत्त्वपरीक्षा वेगळी. आतलं द्रव्य वितळताना फुगतं, गोठताना आकसतं, आणि हे हजारो वेळा होऊनही भिंतीला तडा जाता कामा नये. पण सोलापूरसाठी हिशेब करून बघा. चादरीवर ३० ग्रॅम ऑक्टाडेकेन बसवलं तर ते एकूण ७२०० ज्यूल पिईल. स्वस्थ पडलेला माणूस सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे ७२ सेकंदांचा माल. आणि उन्हाळ्यात दिवसभर खोली २८ अंशांच्या वर असते, तेव्हा रात्री अंथरूण घालण्याआधीच ते सगळं वितळून बसलेलं असतं. ज्या हवेत तापमान २८ च्या वरखाली सारखं होत राहतं तिथे हे कापड कामाचं. आपल्या मे महिन्यात नाही. असा माल "उन्हाळ्यासाठी गार चादर" म्हणून विकू नये.

शेतात आणि बाहेर

कुप्या आपल्या शेतातही आल्या आहेत. कांद्यात, सोयाबीनमध्ये तण उगवण्याआधी मारायच्या पेंडिमेथॅलिनच्या बाटलीवर "३८.७ टक्के सी.एस." असं लिहिलेलं दिसतं. सी.एस. म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या कुप्या. जुन्या ई.सी. प्रकारात तेच औषध द्रावकात विरघळवलेलं असतं, त्याला उग्र वास येतो, ते अंगाला चटकन लागतं. कुपीत कोंडलं की हाताळणाऱ्याला त्रास कमी होतो, वाफ होऊन जाणं कमी होतं आणि मातीत ते सावकाश बाहेर येतं. मिसळताना बाटली आधी नीट हलवायची, कारण कुप्या तळाशी बसतात; न हलवता ओतलं तर पहिल्या पंपात पाणी आणि शेवटच्या पंपात औषध.

डाळिंबाच्या बियांच्या तेलाला वेगळीच गरज. त्यात प्युनिसिक आम्ल भरपूर असतं आणि ते हवेतल्या ऑक्सिजनने लवकर खवट होतं. इथे भिंतीचं काम आतलं बाहेर जाऊ न देण्यापेक्षा बाहेरचं आत येऊ न देणं. डिंक किंवा दुधाच्या प्रथिनाच्या द्रावणात तेलाचे थेंब करून गरम हवेत फवारले, तर पाणी क्षणात उडतं आणि कोरडी भुकटी हाती येते. तोंडात किंवा पोटात पाणी लागलं की भिंत विरघळते. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे. रस काढून फेकल्या जाणाऱ्या बियांचं काय करायचं, याचा विचार करणाऱ्यांनी हा मार्ग जरूर पाहावा.

औषधांत पीएलजीए नावाच्या प्लास्टिकचे कण शरीरात महिनाभर विरघळत राहून औषध सोडतात. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं ल्युप्रोलाइडचं असं महिन्याचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ पासून आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली प्लास्टिकमध्येच कुप्या पेरल्या. तडा गेला की तो वाटेतल्या कुप्या फोडतो, आतलं द्रव्य फटीत वाहतं आणि तिथेच घट्ट होऊन फट सांधतं.

या सगळ्यावर आता युरोपातून एक मोठा नियम आला आहे. २०२३ च्या युरोपीय नियमाने मुद्दाम घातलेल्या मायक्रोप्लास्टिकवर, म्हणजे सुट्या स्वरूपात किंवा मिश्रणात विकल्या जाणाऱ्या न कुजणाऱ्या कृत्रिम पॉलिमरच्या कणांवर, बंदी आणली. सुगंधी कुप्यांना १७ ऑक्टोबर २०२९ पर्यंत मुदत आहे, शेतीच्या औषधांना त्याहून थोडी जास्त. मेलामाइन आणि पॉलियुरियाच्या नेहमीच्या भिंती या कचाट्यात येतात. कुजणारी भिंत करायची म्हटलं की जुनाच पेच नव्या रूपात समोर येतो. गटारातल्या जंतूंनी ती खायला हवी, पण कपाटात आणि डिटर्जंटच्या पाण्यात तिने तग धरायला हवा. अल्जिनेट, कायटोसान, सेल्युलोज, वनस्पतींची प्रथिनं, सगळं तपासलं जातंय. बहुतेकांची खोड जिलेटिनचीच, ओली झाली की फुगतात. सिलिका हा कार्बनी पॉलिमर नसल्याने या नियमाच्या कक्षेबाहेर राहते. तिची भिंत टणक आणि ठिसूळ होते, स्टेंटरच्या उष्णतेला भीत नाही आणि फॉर्मल्डिहाइडही सोडत नाही. दोष एकच, तिला बारीक छिद्रं असतात आणि हलके रेणू त्यांतून निसटतात. छिद्रं बुजवायला तिच्यावर नैसर्गिक पॉलिमरचा एक पातळ थर चढवता येतो. टॉवेलला फुटणारीच कुपी हवी असल्याने, सोलापुरात कुणी आज या कामाला हात घालणार असेल तर मी त्याला याच भिंतीपासून सुरुवात करायला सांगेन, आणि लॅव्हेंडरऐवजी वाळ्यासारखं जड रेणूंचं, सावकाश उडणारं तेल घ्यायला सांगेन.